दोघांचे पथ्य

दिवाळीची आवराआवर निघाली, की नक्षीच्या चादरींचा प्रश्न हटकून पुढे येतो. पांढऱ्या सुताला कढत पाणी, धुण्याचा सोडा, कडक ऊन मानवते. रंगाला यांतले काहीच सोसत नाही. आणि दोघांचा संसार एकाच कापडावर! अशा घरात पथ्य सांभाळावे ते नाजूक प्रकृतीचे, म्हणजे रंगाचे.

नव्या चादरीचा कोपरा ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळून पाहावा. चिंधी रंगली, तर ती चादर पहिल्या काही वेळा वेगळीच धुवावी. थंड पाणी आणि सौम्य साबण घेऊन. तासन्‌तास भिजत घालू नये, ओला गोळाही ठेवू नये. सुटलेला रंग पांढऱ्यावर जाऊन बसतो. मीठ रंगाऱ्याच्या हौदात कामाचे, आपल्या बादलीत नव्हे. ब्लीचिंग पावडर तर रंगच खाते. पांढरे पिवळसर दिसू लागले, तर शेवटच्या पाण्यात थोडी नीळ नीट मिसळावी. मग चादर उलटी करून सावलीत वाळवावी.

आईची सोलापुरी चादर आम्ही अशीच धुतो. आई आता नाही. तिची चादर माझी मुलगी पांघरते, आणि त्यावरचे मोर अजून ओळखू येतात.