मालक कोण, भार कोणावर?

बारा वर्षे वापरलेली मोटार बदलावयाची म्हटली, की मध्यमवर्गीय गृहस्थापुढे आता रोख की कर्ज एवढाच प्रश्न राहत नाही. भाडेपट्ट्याची तिसरी वाटही त्याला दाखविली जाते. (शब्द जमीनजुमल्याचा, तो मोटारीलाही चिकटला.) आरंभी मोठी रक्कम नको, विमा व देखभाल बहुधा हप्त्यातच, आणि तीनचार वर्षांनी गाडी परत. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्यास याचा मोह पडावा, यात नवल नाही.

तथापि मोटारीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वांत वेगाने घसरते. भाडेपट्ट्याने गाडी घेणारा नेमकी हीच घसरण भरून देतो, वर कंपनीचे व्याज आणि नफा. शाळा आणि सणासुदीला गाव एवढीच ज्याची धाव, त्या शिक्षकाची मोटार दहाबारा वर्षे सहज टिकते. पाच वर्षांत कर्ज फिटले, की पुढील वर्षे बिनहप्त्याची. भाडेपट्ट्यात ती वर्षे कधी उगवतच नाहीत.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे दुसरे कलमही पाहण्याजोगे आहे. भाडेपट्ट्याच्या वाहनाचा ‘मालक’ म्हणजे करारान्वये ते ज्याच्या ताब्यात आहे तो. म्हणजे अपघाताचा दावा आला तर मालक कारकून; गाडी विकून चार पैसे यावयाचे तर मालक कंपनी!

ज्यांची नोकरी फिरतीची, किंवा ज्यांची कंपनी पगारातून भाडे वळते करून प्राप्तिकर वाचवून देते, त्यांचा हिशेब निराळा. मात्र करार मुदतीआधी मोडल्यास भुर्दंड किती, हे कलम त्यांनीही सहीपूर्वी वाचलेले बरे.