बाटली नको, खळ चालेल



गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. कार्यानुभवाच्या तासाला मी फळ्यावर लिहिले, "उद्या येताना फुगा, दोरा व पांढऱ्या गोंदाची बाटली आणावी." दोऱ्याचा आकाशकंदील करायचा होता. दुसऱ्या दिवशी पाच मुले शाळेत आलीच नाहीत. पुढे त्यांतल्या एकाला विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, बाटली नव्हती ना, म्हणून नाही आलो."

चूक त्याची नव्हती, माझी होती. एका बाटलीपायी पाच जणांचा दिवस बुडाला. त्या दिवशीचे गणित बुडाले, भाषाही बुडाली. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की दोरा किंवा कापड ताठ करायला मुलांना विकतची वस्तू आणायला सांगू नये. जी पेज आपण पितो, तिच्यातच हा गुण आहे.

माझी आई सुती लुगडे पातळ पेजेत बुचकळायची, पिळायची आणि उन्हात वाळत घालायची. वाळले की कसे कडक! याला खळ देणे म्हणतात. हातमागावरचे विणकरही ताण्याच्या सुताला खळ लावतात. त्या कामाला पांजणी म्हणतात. खळ नसेल तर फणीच्या घासण्याने सूत पिंजते आणि तुटते.

हे होते कसे? तांदळात स्टार्च असतो. त्याचे बारीक कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि पाणी दाट होते. ते सुताच्या तंतूंमध्ये शिरते. वाळल्यावर पाणी उडून जाते, स्टार्च मागे राहतो आणि तंतूंना एकमेकांशी चिकटवून धरतो. सुती दोरा पाणी पितो, म्हणून तो खळ धरतो. नायलॉनचा गुळगुळीत दोरा पाणी पीत नाही, म्हणून त्याच्यावर खळीचे काही चालत नाही.

मग आम्ही करून पाहिले. एक वाटी कणी, सहा वाट्या पाणी. कणी अगदी गळेपर्यंत शिजवली, घोटली आणि फडक्यातून गाळली. पहिल्या वेळी घाई झाली. खळ पातळ राहिली, आणि फुगा फोडल्याबरोबर आमचा कंदील मट्‌कन बसला. मुले खूप हसली, मीही हसलो. दुसऱ्या वेळी खळ दाट केली. दोरा खळीतून काढून, दोन बोटांत निपटून फुग्यावर गुंडाळला. वाळल्यावर वरून आणखी एक हात दिला. दोन दिवस उन्हात ठेवून मग फुगा फोडला. कंदील उभा राहिला! फुगे शाळेने आणले होते. त्या दिवशी वर्गात एकही गैरहजर नव्हता.

एका पालकांनी मला विचारले, "गुरुजी, खायची पेज दोऱ्याला लावता?" प्रश्न बरोबर आहे. अन्नाची नासाडी करू नये. पण साऱ्या वर्गाला मिळून एक वाटी कणी लागली, आणि ती मी माझ्या घरून आणली. शालेय पोषण आहाराच्या तांदळाला हात लावायचा नाही, हा नियमच करावा. तो मुलांच्या ताटातला आहे. मुलांकडूनही कणी मागू नये. नाहीतर बाटलीच्या जागी वाटी येईल, आणि ज्याच्या घरी तांदूळ संपला तो पुन्हा घरीच बसेल.

खळीचे दोषही सांगतो. ती ओल धरते, त्यामुळे दमट हवेत वस्तू मऊ पडते, बुरशी येते. झुरळे आणि उंदीर तिला खातात. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावर राहणाऱ्या आपल्याला पावसाळा काय असतो ते सांगायला नको. म्हणून खळीचे काम पाऊस सरल्यावर, चांगले ऊन पडू लागले की करावे. पावसाळ्यात मातीकाम करावे, नाहीतर बांबूच्या कामट्यांचे काम करावे. फेविकॉलसारखा गोंद वाईट आहे असे मी म्हणत नाही. एखादी वस्तू वर्षभर ठेवायची असेल तर तोच बरा. पण ती बाटली शाळेच्या कपाटात असावी, मुलांच्या दप्तरातून मागू नये.

१९३७ साली आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या कामातून शिकवावे, हा विचार तिथे मांडला गेला. हाताच्या कामाचा तास सर्वांसाठी असावा. ज्याच्याजवळ पैसे नाहीत तोच त्या तासाला बाहेर राहत असेल, तर तो तास काय कामाचा?

दोरा ताठ करताना कोणा मुलाची मान खाली जाऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर लिहून द्या. पुढच्या अंकात याच फळ्यावर लावू. आणि हो, हा कागदही खळीनेच चिकटवला आहे!

— तुमचे गुरुजी