समानार्थी म्हणजे समान नव्हे

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्याने इंग्रजी शब्दसंपदा समृद्ध होते, हा समज अपुरा आहे. ‘आस्क’ हा मूळचा इंग्रजी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमार्गे आलेला, तर ‘इंटरॉगेट’ लॅटिन. मित्राला आपण ‘आस्क’ करतो. पोलीस संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतात. विरुद्धार्थही संदर्भानेच ठरतो : ‘ओल्ड’च्या उलट माणसासाठी ‘यंग’, वस्तूसाठी ‘न्यू’. दाखल्यासाठीच्या अर्जात ‘रिक्वेस्ट’ऐवजी ‘डिमांड’ लिहिले, तर विनंतीला हुकमाचा सूर येतो आणि अर्जदार विनाकारण उद्धट ठरतो. ‘जलसंपदा’ म्हणणारे आपण तहान लागल्यावर ‘पाणी’च मागतो, हाच विवेक इंग्रजीतही हवा. यास्तव विद्यार्थ्यांनी प्रत्येक नवा शब्द सुटा न लिहिता वाक्यासह टिपून ठेवावा.