आमचा नकार कोण शूट करणार?



आषाढात आमच्या गंगाखेडच्या वस्तीत शूटिंगवाले आले. महाराष्ट्राची लोकसंस्कृती टिपायची होती म्हणे. म्हणाले, "तुमच्यात पोतराज निघायचे ना? कुणीतरी कमरेला चिंध्या बांधा, आसूड घ्या, दोन फटके मारा. पैसे देतो."

पारावरचा म्हातारा उठला. म्हणाला, "माझ्या बापानं धम्म घेतला त्या साली जटा कापल्या आन् आसूड गोदावरीत सोडला. ते घे तुझ्या डब्यात."

शूटिंगवाला हसला. "आजोबा, त्यात दाखवण्यासारखं काय आहे?"

मी जिनिंगमधनं रातपाळी करून आलो होतो, डोक्यावर कापसाची रुई तशीच. झोप उडाली ती उडालीच.

मी शाळा सोडलेला माणूस. पण हुडकत गेलो, की आपली 'परंपरा' टिपायला येणारे हे लोक कोण. त्यात गुंथर सोंथायमर सापडला. हायडेलबर्ग विद्यापीठातला जर्मन पंडित. हिंदू कायद्याचा अभ्यास करता करता धनगरांच्या वाड्यांवर पोचला. त्यांच्यासंगं हिंडला, त्यांच्या ओव्या गोळा केल्या. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ साली जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. पुढं हेनिंग श्टेगम्युलरबरोबर वारीवर फिल्म केली. १९९२ साली वारला. ह्या माणसाला मी शिव्या देणार नाही. धनगराच्या तोंडच्या ओवीला त्यानं पोथीएवढी किंमत दिली.

पण त्याचा हिशेब बघा. हिंदू धर्माचे त्यानं पाच घटक मांडले : ब्राह्मणांची शास्त्रं, संन्यासी पंथ, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे लाखो लोक उठून बाहेर पडले त्यांना कुठल्या खणात बसवणार? कुठल्याच नाही. बरोबरच आहे, आपण ते घरच सोडलं. पण त्याच्यामागनं कॅमेरे घेऊन येणारे आपल्याला दंडाला धरून पुन्हा लोकधर्माच्या खणात कोंबतात, त्याचं काय? त्यांना जटावाला बाप पाहिजे. जटा कापणारा नको. जटा म्हणजे संस्कृती, मग कात्री म्हणजे काय?

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. गावकुसाबाहेर आग लावायची ही रीतही ह्या मातीतली जुनीच आहे. जत्रेच्या फिल्मीत तिला जागा मिळाली का?

कॅमेरा वाईट नाही. आनंद पटवर्धनांनी रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून, शाहीर विलास घोगरेंच्या मरणापासून धागा धरला आणि चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केली. तिथं कॅमेऱ्यानं आपल्याला नाचायला सांगितलं नाही. आपलं ऐकून घेतलं.

आता आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ द्या.

आपण जनाबाईच्या गावचे. दळता दळता बोललेली ही बाई. तिचे अभंग टिकले ते नामदेवाच्या गाथेच्या आसऱ्यानं. त्याच जात्यावर आपल्या आयांनी भीमरायाला बसवलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली टेप झाल्या. कुणी केल्या? फ्रान्सहून पुण्यात येऊन राहिलेले गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या कामातनं त्या झाल्या. त्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपण काय करत होतो? आपण जयंतीच्या वर्गणीवरनं भांडत होतो.

माझंच सांगतो. सतरा वर्षांचा होतो, नवी नवी पुस्तकं वाचलेली. आजी ओवी म्हणत होती, त्यात विठ्ठल आला. मी ओरडलो, "बंद कर ते रडगाणं!" ती गप झाली. माझ्यापुढं पुन्हा कधी गायली नाही. ती गेल्यावर आत्या म्हणाली, "आरं, पुढच्या ओव्या भीमाच्याच व्हत्या." आत्याला त्यातल्या दोन आठवतात. बाकीच्या सरणात गेल्या. शूटिंगवाल्यानं म्हाताऱ्याचं ऐकलं नाही आणि मी आजीचं ऐकलं नाही. फरक काय?

म्हणून म्हणतो, शूटिंगवाल्याला शिव्या घालून काम भागत नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मोर्चाचे सेल्फी पुष्कळ झाले. एक दिवस म्हातारीजवळ बसा. तिचं नाव लिहा, गाव लिहा. ती म्हणेल ते सगळं घ्या, विठ्ठलसुद्धा घ्या. मधेच तोडू नका. आणि एक नक्की विचारा : आज्जे, तुम्ही काय काय सोडलं? मेलेलं ढोर ओढायचं कोण्या साली सोडलं, पोतराजाच्या जटा कुणी कापल्या, गावानं त्याचा काय सूड घेतला?

आमच्या पारावरच्या म्हाताऱ्याकडं मी येत्या रविवारी जाणार आहे. तो खोकतोय. तुमच्या गावचा म्हातारा किती दिवस थांबेल ते तुम्ही बघा.

जयभीम.