असू दे, लागेल कधीतरी

गेल्या जुलैतली गोष्ट. चिंचोटीत धो धो पाऊस, हायवे नेहमीसारखा तुंबलेला, म्हणून मी घरूनच काम करत होतो. रात्री साडेअकराला फोनवर अलर्ट आला: सर्व्हरची डिस्क 92 टक्के भरली. टीमच्या ग्रुपवर मिनिटभरात एकाचं उत्तर, "वाढवून टाक ना डिस्क. किती पैसे लागतात?"

हे वाक्य मला आता ऐकवत नाही. आपण इंजिनिअर लोकांनी या एका वाक्याच्या आधारावर विचार करणं सोडून दिलंय. डेटाबेस का फुगला हे शोधायला दोन तास लागतात, डिस्क वाढवायला दोन मिनिटं. मग शोधणार कोण?

आमच्या प्रोजेक्टची तिकिटं रेडमाईनवर असतात आणि खाली पोस्टग्रेस आहे. चार महिन्यांपूर्वी 3 जीबी असलेला डेटाबेस 18 जीबी झाला होता. माणसं तेवढीच, कामही तेवढंच. पहिला संशय अटॅचमेंटवर जातो, पण रेडमाईन फाइली डेटाबेसबाहेर फोल्डरमध्ये ठेवतं. मग एकेका टेबलचा आकार पाहिला आणि तिथेही फसलो. 'पीजी रिलेशन साइझ'ने विचारलं तर टेबल बारीक दिसतं, कारण लांबलचक मजकूर पोस्टग्रेस 'टोस्ट' नावाच्या वेगळ्या टेबलात नेऊन ठेवतं. 'पीजी टोटल रिलेशन साइझ'ने विचारल्यावर चोर सापडला: जर्नल डिटेल्स. म्हणजे तिकिटांच्या बदलांचा इतिहास.

तिकिटाचं वर्णन बदललं की रेडमाईन जुना मजकूर पूर्ण ठेवतं आणि नवाही पूर्ण ठेवतं. माणसं वर्णन बदलणार दिवसातून एकदोनदा, तेवढ्याला काही होत नाही. पण आमच्याकडे ते एक स्क्रिप्ट बदलत होतं. प्रत्येकाच्या नावाचं एक तिकीट, आणि त्याच्या वर्णनात दिवसभराचा तक्ता: शेवटचा कमिट कधी, चॅटवर ऑनलाइन की अवे. दर 5 मिनिटांनी ताजा. 40 माणसं, दिवसाला प्रत्येकी 288 बदल, म्हणजे 11,520 नोंदी. प्रत्येक नोंदीत सरासरी 20 केबीचा मजकूर दोनदा. चार महिन्यांत जवळपास 14 लाख नोंदी. पोस्टग्रेस दाबून, कॉम्प्रेस करून ठेवतं म्हणून 18 जीबीवर भागलं.

आणि हे कुणालाच कळलं नाही? रेडमाईन दर बदलाला मेल पाठवत होतं की. सगळ्यांनी फिल्टर लावून ते मेल कचऱ्यात वळवले होते. मीसुद्धा.

दोष रेडमाईनचा नाही. मुदतीची तारीख कुणी बदलली, बग कुणी बंद केला, हा इतिहास हवाच. क्लायंटशी वाद झाला की तोच वाचवतो. पण इतिहास ठेवणं आणि माणसावर पहारा ठेवणं यात फरक आहे, आणि तो सॉफ्टवेअरला कळत नाही. तो आपण सांगायचा असतो.

चाचणीच्या कॉपीवर मी त्या नोंदी डिलीट केल्या. आकार तेवढाच. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली ओळ लगेच जात नाही, मेलेली म्हणून पडून राहते. साधं व्हॅक्युम ती जागा पुढच्या ओळींसाठी मोकळी करतं, पण बहुतेक वेळा फाइल लहान होत नाही. त्यासाठी व्हॅक्युम फुल लागतं. ते अख्खं टेबल नव्याने लिहितं, तेवढा वेळ टेबलला कुलूप, आणि नव्या प्रतीला वेगळी जागा. डिस्क गळ्यापर्यंत भरल्यावर जाग आली तर तीही जागा नसते. रविवारी रात्री दोन तास सिस्टीम बंद ठेवायची परवानगी मी मागितली.

मॅनेजरांचं उत्तर: "डिलीट नको. असू दे, लागेल कधीतरी. अप्रेझलला उपयोगी पडेल."

इथे माझं डोकं फिरलं. तक्ता बनवताना सांगितलं होतं की सकाळच्या मीटिंगला स्टेटस दिसावं म्हणून आहे. ते काम सकाळी दहाला संपतं. आणि 'कधीतरी' लागलाच तो. आमच्या एका सहकारी मुलीला विचारलं गेलं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तू गायब का असतेस? ती आईला डायलिसिसला नेते. राहिलेलं काम रात्री बसून पुरं करते, तेही त्याच तक्त्यात होतं. ते कुणी वाचलं नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व साधं आहे: ज्यासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा. कायद्याचं राहू द्या. माझे पप्पा 22 वर्षं चिंचोटी–अंजूरफाटा रस्त्यावरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "अरे, आमच्याकडे माल आत घेतानाच विचारायचे, निघणार कधी? सहा महिने पडला की डेड स्टॉक. शेठ भाडं भरतो ना स्क्वेअर फुटाचं." आमच्याकडेही भाडं भरलं जातंच. फक्त ते शेठच्या खिशातून जात नाही, त्या मुलीच्या रेटिंगमधून जातं.

मी रेडमाईनवर तिकीट टाकलं: 'हा तक्ता किती दिवस ठेवायचा ते ठरवा.' मॅनेजरांनी ते एचआरला दिलं, एचआरने आयटीला, आयटीने परत मला. तडजोड म्हणून स्क्रिप्ट आता दर 15 मिनिटांनी चालतं. डिस्क दुप्पट केली आहे.