आधी अंगणात, मग रस्त्यावर

“वहिनी, त्यापेक्षा स्कूटी बघा एखादी. बाईमाणसाला हे धूड आवरायचं नाही!”

मागच्या दिवाळीनंतर मी आमच्या ह्यांची मोटारसायकल शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा शेजारच्या भाऊजींनी दिलेला हा सल्ला. सल्ला काळजीपोटीच होता, मी नाही म्हणत नाही. पण स्कूटी घ्यायला पैसे लागतात, आणि मोटारसायकल आधीच दारात उभी आहे. आपल्यासारख्या किती घरांत दोन-दोन गाड्या असतात हो?

बचत गटांच्या कामासाठी मी माण-खटावकडच्या वाड्या-वस्त्यांवर जाते. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. बैठक रंगात आली, एखादी बाई मनातलं बोलायला लागली, की नेमकी गाडीची वेळ होते. गाडी चुकली की ह्यांना फोन करायचा, “येताय का न्यायला?” बावीस वर्षं मी मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसले. गाडी आमची, पण तिची किल्ली कधी माझ्या हातात आली नाही.

तसं बायकांना गाडीचं वावडं कधीच नव्हतं. 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली आणि शाळेतल्या बाई, नर्सताई लुनावरून फिरू लागल्या. 1984 मध्ये बटन स्टार्टची, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. पण गिअरची गाडी मात्र ‘पुरुषांची’ ती पुरुषांचीच राहिली. 2023 मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या. पण मैत्रिणींनो, आपल्याला कुठे जग फिरायचंय? आपल्याला फक्त तालुक्याला जाऊन वेळेत परत यायचंय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकीने हे धाडस केलं होतं. भाच्याने तिला संध्याकाळी अंधार पडताना, कुणी बघू नये म्हणून, थेट डांबरी रस्त्यावर नेलं. “काही नाही मामी, क्लच सोडायचा आणि रेस द्यायची,” एवढंच काय ते शिक्षण! समोरून ट्रॅक्टर आला. ती शाळेत असताना सायकल चालवायची. घाबरल्यावर तिने सवयीने डाव्या हाताची मूठ करकचून आवळली. सायकलवर आणि स्कूटीवर तिथे ब्रेक असतो, पण मोटारसायकलवर तिथे क्लच असतो. क्लच दाबला म्हणून गाडी थांबत नाही, उलट मोकळी सुटते. ती चारीत जाऊन पडली. मनगट मोडलं. वाडीने निकाल दिला, “बायकांचं काम नाही ते.” त्यानंतर वाडीतल्या एकाही बाईने गाडीला हात लावला नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. तिचं चुकलं काय? धाडस केलं हे तर नक्कीच चुकलं नाही. चुकली ती घाई. आणि ती घाई कशातून आली? लाजेतून. शिकताना आपल्याला कुणी बघू नये, ही ती लाज. मुलगा मैदानात दहा वेळा गाडी पाडतो आणि बाप कौतुकाने सांगतो, “शिकतोय.” मिसरूड फुटायच्या आधीच त्याच्या हातात किल्ली पडते. खरं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. तरी तिथे कुणी “कशाला?” म्हणून विचारत नाही. पंचेचाळिशीच्या आईला मात्र सगळे विचारतात. मुलगा पडला तर तो एकटा पडतो. बाई पडली की सगळ्या बायका पडतात!

म्हणून मी ठरवलं, शिकायचं ते उघड्यावर, दिवसाढवळ्या आणि सावकाश. आमच्या गावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटारसायकल शिकवत नाहीत. जिल्ह्याच्या गावी सोय आहे, तिथे मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. पण तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी गाडी सुरूच केली नाही. अंगणात, इंजिन बंद ठेवून नुसती ओळख करून घेतली.

गाडीचं वजन शंभर-सव्वाशे किलो. आधी ते ओळखलं. हँडल धरून ढकलत अंगणात फेऱ्या मारल्या, पुढचा ब्रेक हलकेच दाबून थांबवली. थोडी कलली तर मांडीचा टेकू देऊन सावरता येते. जास्त कलली तर सोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. गाडीचा आरसा दोनशे रुपयांत येतो, पाय येत नाही. साइड स्टँड, डबल स्टँड लावायला शिकले. डबल स्टँडला ताकद कमी आणि युक्ती जास्त लागते. पायाने स्टँड जमिनीला टेकवायचा आणि त्यावर आपलं वजन टाकायचं. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, तेही पाहिलं.

मग डबल स्टँडवर बसून पाठांतर. डावा हात क्लच, डावा पाय गिअर. उजवा हात रेस आणि पुढचा ब्रेक, उजवा पाय मागचा ब्रेक. म्हणजे डावी बाजू गिअरची, उजवी बाजू वेगाची आणि थांबण्याची. शिलाई मशीनवर पाय एक करतो, हात दुसरं करतात, ते जमतं ना आपल्याला? हेही तसंच. गिअर वर टाकायचा की खाली, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, ते आधी विचारून घ्यावं. सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत माझा सराव बघायच्या. चार दिवसांनी त्याच ओरडू लागल्या, “अगं, डावा क्लच!”

रस्त्यावर जायचं ते मात्र शिकाऊ लायसन्स हातात आल्यावरच. त्याचा अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, आधार कार्ड असेल तर परीक्षाही घरबसल्या देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. अर्जात ‘गिअरसह’ हाच प्रकार निवडा. बिनगिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालवता येत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी हवी आणि मागे लायसन्स असलेला शिकवणारा माणूस. दुसरं कुणीही नाही, लेकरूसुद्धा नाही. बिनलायसन्स सापडलात तर 5,000 रुपये दंड आहेच, पण अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणंही अवघड होऊन बसतं.

आणि हेल्मेट आयएसआय मार्कचंच हवं, पट्टा लावलेलं. ते अंबाड्यावर बसत नाही, म्हणून मी मानेशी सैल वेणी घालते. ओढणी कमरेला घट्ट बांधते. ओढणी-पदर चाकात गेल्यावर काय होतं, ते मी सांगायला नको. पायात चपलेऐवजी बूट. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवर बूट बघून पोरं हसली. हसू देत!

आमचे हे आधी म्हणाले, “तुला सोडायला मी आहे ना!” आहेत, देवाच्या दयेने आहेत. पण सोडायला कुणीतरी असणं आणि स्वतः जाता येणं यात फरक आहे. तो त्यांना कळला. आता रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर ते मागे बसतात आणि मी पहिल्या गिअरवर फेऱ्या मारते. गाडी अजून बंद पडते. पडू दे. क्लच सावकाश सोडायला हात शिकतोय.

गेल्या आठवड्यात ती मनगट मोडलेली बाई घरी आली होती. चहा झाला, गप्पा झाल्या. जाताना अंगणातल्या गाडीपाशी घुटमळली. मी काही बोलले नाही. तिने हँडल धरलं, गाडी डबल स्टँडवर चढवली आणि डाव्या हाताची मूठ दाबून म्हणाली, “हा ब्रेक न्हाई, क्लच हाय.”

तुमच्या अंगणातही असेलच की एखादी. आज दुपारी, कामं आवरल्यावर, किल्ली न लावता नुसतं तिचं हँडल धरून बघा.