न्यूयॉर्क : फुटपाथवरचा बर्फ कोणी काढायचा?

न्यूयॉर्क शहरात फुटपाथ सार्वजनिक, पण त्यावरचा बर्फ काढायचा समोरच्या घरमालकाने किंवा दुकानदाराने. रात्री ९ नंतर बर्फ पडायचा थांबला, तर सकाळी ११ पर्यंत वाट मोकळी हवी. काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलणं हाही नियमभंगच.

खरी गुंतागुंत आहे कोणी घसरून पडलं तर. २००३ मध्ये भरपाईची जबाबदारी शहराकडून मालकांकडे गेली. मात्र मालक स्वतः राहतो अशी, तीन कुटुंबांपर्यंतची निव्वळ निवासी घरं यातून वगळली. म्हणजे बर्फ न काढल्याचा दंड मालकाला, भरपाईचा दावा मात्र सहसा शहरावर! त्यासाठी अपघातापासून ९० दिवसांत शहराला नोटीस द्यावी लागते. प्लॅस्टर आणि फिजिओथेरपीत तीन महिने कधी सरतात, कळतही नाही.